उपरण्याखालची सहा राष्ट्रं

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

साहेबांचा फोन — सात वर्षांनी! "अमृतराव, शॉर्टहँड आहे का अजून हातात, की गेलं?" मी म्हटलं, पोहणं आणि शॉर्टहँड माणूस विसरत नाही. पोहायला मला येत नाही. पण बोलून गेलो.

प्रकरण असं. सहा छोट्या देशांचे सहा अधिकारी लोणावळ्यात येणार, चार दिवस. सरकारी बैठक नाही, पेपरात बातमी नाही, फोटो नाही. त्या मोठ्या देशाकडून प्रत्येकाला काही ना काही बांधून मिळतंय — कुणाला बंदर, कुणाला घाटरस्ता, कुणाला खाणीपर्यंतची रेल्वे. आणि बदल्यात बांधलेलं ते अमुक इतकी वर्षं त्यांच्याच ताब्यात द्यायचं. हे सगळे त्याच्याशी एकेकटे बोलायला जातात आणि एकेकटे मार खाऊन येतात. तर सहाजणांनी मिळून एक धोरण ठरवावं, एका सुरात बोलावं — अशी साहेबांची कल्पना. साहेब निवृत्त राजदूत. मी निवृत्त लघुलेखक. छत्तीस वर्षं परराष्ट्र खात्यात काढली, त्यातली अकरा साहेबांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला.

जागा विचारली तर म्हणाले, तुंगार्लीत तलावाच्या वर माझ्या मित्राचा बंगला आहे, तुमच्या घरापासून सात मिनिटं. म्हणजे पावलंसुद्धा मोजून ठेवली होती!

माधवी म्हणाली, "जा हो, जा. नाहीतरी हल्ली घरात बसून मलाच डिक्टेशन देता."

१२ नोव्हेंबर, बुधवार

पेन्सिलींना टोकं केली. बारा पेन्सिली. माधवी हसतेय. हसू दे!

१७ नोव्हेंबर, सोमवार

आले सगळे. घाटात कंटेनर बंद पडला होता, त्यामुळे दोन तास उशीर. शेजारच्या बंगल्यात शनिवारची पार्टी अजून संपलेली नाही, त्यांचा डीजे चालूच. साहेब स्वतः कुंपणापाशी जाऊन विनंती करून आले. तीस वर्षांच्या मुत्सद्देगिरीचा उपयोग झाला — आवाज वाढला.

नियम असे: टिपणात कुठल्याही देशाचं नाव नाही. मोठ्या देशाचं नाव तर तोंडानेही घ्यायचं नाही, "आपले मित्र" म्हणायचं. घरी सांगितलं तर माधवी म्हणाली, "आमच्या आजीसारखंच की! आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही, पण गाऱ्हाणी सगळी त्यांचीच."

मग मीही टोपणनावं ठेवली. बेटाच्या बाई — चाळिशीच्या, किडकिडीत, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं तोडून टाकल्यासारखं. खाणवाले — आफ्रिकेतले, धिप्पाड, मूळचे वकील, हसले की कपातला चमचा वाजतो. डोंगरवाले — दिवसभर गरम पाणी पितात आणि मान हलवतात. ती मान हो म्हणते की नाही, ते कळत नाही. उरलेले तिघे सज्जन आहेत, फार बोलत नाहीत. माझ्या बोटांना बरं.

साहेबांचं स्वागताचं भाषण — नमनाला घडाभर तेल. पन्नास मिनिटं! "भारत काही वरच्या पायरीवर नाही, आम्ही तुमच्यातलेच." हे फिरूनफिरून आलं. मी इमानेइतबारे दर वेळी लिहिलं.

चहाच्या वेळी बेटाच्या बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, त्यांच्या बंदराचा करार येत्या सोमवारी व्हायचाय. चोवीस तारखेला. मंत्री फोटोला उभे राहणार, पण कागदावर सही सचिवाची लागते, म्हणजे यांची. "माझे दोन भाऊ त्याच बंदरातून होडी काढतात. उद्या त्यांना आत येऊ दिलं नाही तर ते कागद बघतील आणि खाली माझं नाव असेल." मी त्यांना चहात साखर हवी का विचारलं. मूर्ख!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस पाण्यात.

सकाळीच बेटाच्या बाईंनी सरळ विचारलं, "आपल्या मित्रांनी तुम्हाला किती वर्षं सांगितलीत? आकडे टेबलावर ठेवू. मगच एकत्र बोलता येईल." बस्स! बाकीच्या पाचही जणांना एकदम खोकला. मग हळूहळू बाहेर पडलं — प्रत्येकाच्या कराराच्या मसुद्यात गुप्ततेची अट आहे. आकडा तोंडाने सांगायचा नाही, लिहून द्यायचा नाही, कॉम्प्युटरवरून पाठवायचा नाही. आणि अशी अट आहे हेसुद्धा सांगायचं नाही! म्हणजे आत्ता सांगितलं तेवढ्यानेच सगळे गुन्हेगार झाले.

खाणवाले म्हणाले, "मला तर खास भाव दिलाय असं सांगितलं. माझ्या देशावर त्यांचं विशेष प्रेम आहे म्हणून." बाकीचे पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाला तेच सांगितलं होतं!

पण आकडा कुणी बोलेना. दुपारभर "परस्परविश्वास", "सामायिक दृष्टिकोन", "व्यापक चौकट". छत्तीस वर्षांत हे शब्द मी इतके लिहिलेत की हात आपोआप चालतो, डोकं घरी ठेवलं तरी चालतं.

माधवीला सांगितलं. म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुमच्याकडे सहा आहेत, झाका अजून."

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजचं नीट लिहून ठेवलं पाहिजे. असा दिवस नोकरीत एकदाही आला नाही.

जवळच्या औंढ्याहून माधवीचे मामा आले. कोंडाजी आबा, वय अठ्ठ्याहत्तर, अंगात बंडी, खांद्यावर तांबडं उपरणं. भाताची झोडणी उरकली म्हणून नवा इंद्रायणी घेऊन आले. घरी मी नव्हतो, तर पोतं घेऊन थेट बंगल्यावर! संदेश, आमचा ड्रायव्हर, त्यांना आत घेऊन आला. आबा हॉलच्या दारात उभे. आत सहा माणसं आणि साहेब, सगळे मुके.

"जावईबापू, ही मानसं अशी गप का बसल्याती? कुनी वारलं का?"

खाणवाल्यांनी विचारलं, आजोबा काय म्हणतात? मी भाषांतर केलं. चमचा वाजला! तीन दिवसांत पहिल्यांदा सगळे खरंखुरं हसले. साहेबांनीच आबांना खुर्ची दिली. काय अडलंय ते मी आबांना थोडक्यात सांगितलं. एक मोठं गिऱ्हाईक, सहा घरं, प्रत्येकाशी वेगळा सौदा, आणि भाव तोंडाने सांगायला बंदी.

आबा म्हणाले, "आन् मग? भाव तोंडानं सांगतंय कोन? चाळीस वर्सं चाकनच्या बाजारात बैलांची दलाली केली. भर बाजारात भाव कवा बोललो न्हाई. लोकं ऐकत्यात की!"

आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी माझ्या हातावर टाकलं. उपरण्याखाली माझा पंजा धरला, दोन बोटं दाबली. "किती?" दोन, मी म्हटलं. सगळा पंजा आवळला. "पाच," म्हटलं. "झालं की! हे बोलनं हाय का लिवनं हाय?"

सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं. खाणवाले डोळे मिटून बसले — मनात अट वाचत होते बहुतेक. मग म्हणाले, "तोंडी नाही, लेखी नाही, इलेक्ट्रॉनिक नाही. बैल विकणाऱ्यांचा विचार करायचं ते विसरलेत."

बंगल्यातला पांढरा नॅपकिन मी पुढे केला, स्वच्छ म्हणून. आबांनी तो परत दिला. "पातळ हाय. बोटं दिसत्यात."

ठरलं असं: एका बोटाला दहा वर्षं, पाचाच्या वर गेलं की पंजा पुन्हा दाबायचा, एखादं वर्ष इकडेतिकडे चालेल. आबा एकेकाजवळ जाऊन बसले. डोंगरवाल्यांना गुदगुल्या झाल्या, ते चक्क खिदळले. सहाही जण झाले. भाषेची गरजच पडली नाही, मी नुसता उभा. मग साहेब पुढे वाकून म्हणाले, "हं, आजोबा, सांगा आता. कुणाचा किती?"

आबा असे काही बघायला लागले की साहेब मागे सरकले. "ते कसं सांगू? हातातला आकडा दलालाच्या तोंडात आला की दुसऱ्या दिवशी त्याचा हात कुनी धरत न्हाई. येवढं सांगतो, सहा जनांचे सहा भाव हायती. येकाचा येकाला मेळ न्हाई."

साहेबांचा चेहरा पडला. माझाही. मग उपयोग काय?

"थांबा की. दलालाचं काम अर्धंच झालंय." आणि आबा पुन्हा फिरले. या वेळी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकच आकडा दाबला — सहा जणांत जो सगळ्यात कमी होता तो. कुणाचा ते नाही सांगितलं. "बाजारात ह्यो भाव निघालाय. आता आपापलं बगा."

हळूहळू एकेक चेहरा लाल होत गेला. खाणवाले तेवढे छताकडे बघत राहिले. मला तेव्हाच कळलं — तो सगळ्यात कमी आकडा त्यांचाच!

बेटाच्या बाईंनी आबांचा हात सोडलाच नाही. तसंच धरून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "तीस? कुणालातरी तीस वर्षं? मला नव्व्याण्णव सांगितलीत! नव्व्याण्णव!"

तोंडाने. सगळ्यांसमोर. अट मोडली. लगेच त्यांच्या लक्षात आलं. खाली बसल्या. "आता मी तुमच्या हातात आहे. तुमच्यापैकी कुणी बाहेर बोललात तर माझी नोकरीच काय, मीही आत जाईन."

माझी पेन्सिल थांबली. नोकरीत कधी थांबली नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अमृतराव, हे पान फाडा." फाडलं. चार तुकडे करून खिशात घातले. मला त्या बाईंचा इतका अभिमान वाटला, काय सांगू! आपल्याला जन्मात जमलं नसतं.

आबा जाताना म्हणाले, "भीड भिकेची बहीन, जावईबापू. विचारायला लाजले म्हनून सगळे फसले. बाई तेवढी मर्दाची." त्यांना म्हटलं, उद्याही या. तर म्हणे, "पेंढा कोन रचनार? बरं, येतो. जेवायला काय असतंय हितं?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

शेवटचा दिवस. सकाळी अकरापर्यंत एक ओळ ठरली. साहेबांनी चार पानांचा मसुदा आणला होता, तो बाजूला ठेवला. ओळ अशी: "जे एकाला, ते सगळ्यांना मिळेपर्यंत कुणीच सही करणार नाही." एवढीच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं टिपण.

पाच जण तयार. खाणवाले म्हणाले, "मला राजधानीला विचारावं लागेल." आमच्या धंद्यात याचा अर्थ 'नाही' असा. मला त्यांचा रागही येईना. तीस वर्षांचा भाव हातात आहे, बाकीच्यांबरोबर थांबले आणि मित्र रुसले तर त्यांचेही साठ होतील. का थांबावं माणसाने? पण ते फुटले की सगळंच फुटलं. मित्र म्हणणार, बघा, त्यांनी केली की सही! मग डोंगरवाले डगमगणार, मग बाकीचे तिघे. आणि सोमवारी बाई एकट्या पेन हातात घेऊन उभ्या.

दीड वाजता गाडी लागली. खाणवाल्यांची बॅग संदेशने डिकीत टाकली. बाई खिडकीपाशी पाठ करून उभ्या होत्या, निरोप घ्यायलाही वळल्या नाहीत.

आबा व्हरांड्यात मासवडी खात बसले होते — बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या नंदाबाईंनी खास त्यांच्यासाठी केलेली. खाणवाले त्यांच्यासमोर वाकले. म्हाताऱ्या माणसाचा निरोप घ्यायची त्यांच्याकडची रीत असावी — उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताने स्वतःचंच मनगट धरलं. आबांनी आपला हात पुसून पुढे केला. खाणवाल्यांनी तो घट्ट दाबला, दोनदा हलवला.

आबा ताडकन उठले! "जावईबापू! आला! ह्योबी आला! दोन्ही हातांनी दिला, पक्का सौदा!"

आणि अंगणात जाऊन ओरडले, "सहाच्या सहा!" संदेशने टाळ्या वाजवल्या. आतून सगळे धावत बाहेर. डोंगरवाल्यांच्या हातात गरम पाण्याचा पेला तसाच. साहेबांनी मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं, बाजारात असा हात दाबला की सौदा ठरला. मग मागे फिरता येत नाही. बाप आला तरी नाही.

खाणवाले तोंड उघडून उभे. "मी फक्त येतो म्हणत होतो..." हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मला एकट्यालाच ऐकू आलं. भाषांतर करायचं की नाही? मी लघुलेखक आहे, मला भाषांतराचा पगार कधीच नव्हता. गप्प बसलो!

मग बाई आल्या. त्यांना काय झालंय ते पुरतं कळलंही नव्हतं, पण आबांना नाचताना पाहून रडत होत्या आणि हसतही होत्या. खाणवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. मग असे हसले, असे हसले की शेजारच्या बंगल्यातली पोरं गॅलरीत आली.

"बॅग काढ रे," म्हणाले. संदेशला भाषा कळली नाही, तरी त्याने काढली.

जेवताना माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "मला सहज सांगता आलं असतं की गैरसमज झाला. पण आमच्या गावातही, म्हाताऱ्याने अंगणात उभं राहून जाहीर केलेली गोष्ट खोटी पाडत नाहीत. आणि खरं सांगू? मी चाळीस वर्षं हात मिळवतोय. पहिल्यांदाच कुणीतरी तो हात खरा धरला."

मी हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "ह्यात काय विशेष? हात दिल्याव खराच असतो की."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळे गेले. आबा उपरणं बंगल्यावर विसरले म्हणून फोनवर आरडाओरडा. जाऊन घेऊन आलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज बाईंच्या सहीचा दिवस. सकाळपासून काही कळलेलं नाही. साहेबांचे तीन फोन. "काही आलं का?" तुम्ही राजदूत, तुम्हाला कळायचं आधी, मला काय विचारता! पण नुसतं "नाही साहेब" म्हटलं.

माधवीने देवापुढे दिवा लावला. कुठल्या देशासाठी ते देवालाही सांगितलं नाही. बैठकीचा नियम!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाईंचा निरोप आला! "काल मला सणकून ताप आला होता. मंत्री बंदरावर फुलांच्या कमानीखाली एकटेच उभे होते. आज बरी आहे. बाकीचे पाचही थांबलेत."

माधवीला मिठी मारली. भर स्वयंपाकघरात! ती म्हणाली, "अहो, हातात लाटणं आहे."

९ डिसेंबर, मंगळवार

झालं! सहाही देशांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र. मित्र म्हणतात, मुदत सगळ्यांना सारखी — तीस वर्षं. आणि मच्छीमारांच्या होड्यांना बंदर खुलं. बाईंनी ती ओळ वेगळी पाठवली, शेजारी भावांच्या होडीचा फोटो. होडी अगदीच छोटी आहे हो!

खाणवाल्यांचा फोन. "माझे तीसचे तीसच राहिले. तोटा शून्य. आजोबांना सांगा, सौदा पाळला." नुसते हसतच होते.

संध्याकाळी औंढ्याला जाऊन आबांना सगळं सांगितलं. खळ्यावर बसून ऐकलं. "बरं झालं. पोरीचं काम झालं," एवढंच. साहेबांनी त्यांच्यासाठी शाल पाठवली होती, ती अंगावर घेतली. साहेबांचाही फोन आलाच — छोट्या देशांनी एकत्र येऊन मोठ्याला वाकवणं ही आपली मूळ कल्पना, असं ते आता एका इंग्रजी मासिकात लिहिणार आहेत. लिहू देत. खरंच त्यांचीच होती.

१९ जानेवारी २०२६, सोमवार

बेटाच्या बाईंची मेल. फेब्रुवारीत त्यांच्या बेटावर सहाजण पुन्हा बसतायत. सोबत कोंडाजी आबांसाठी विमानाचं तिकीट. मला नाही. साहेबांना नाही. खाली लिहिलंय — "रागावू नका, तुम्ही फार चांगले लोक आहात. पण या वेळचा विषय भारत आहे. तुम्ही आम्हाला काय काय बांधून देताय, आणि किती वर्षांसाठी — सहाजणांना सहा आकडे सांगितलेले दिसतात."

तीनदा वाचलं. आधी कान तापले, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. आबांना फोन लावला. ते म्हणाले, "जातो की. हात धरायला काय, कुनाचाबी धरावा." साहेबांना अजून सांगितलेलं नाही.